लाईट आली, मोटर कधी येणार

आपण विजेला लाईट म्हणतो. लाईट गेली, लाईट आली, लाईटबिल भरलं का. भर दुपारी पंखा बंद पडला तरी लाईटच गेलेली असते. बोलण्यात हे चालून जातं, त्याबद्दल काही तक्रार नाही, पण हल्ली मला असं वाटायला लागलंय की खेड्यापाड्यात वीज नेणाऱ्या योजनांनी हा शब्द जरा जास्तच मनावर घेतलाय. घरात एक बल्ब पेटला की वीज पोचली, फोटो काढा, आकडा एकाने वाढवा, चला पुढच्या घरी. आता बल्ब ही घरातल्या विजेची सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात सोपी गोष्ट, आणि घरात जे राबणं चालतं त्याच्या हिशोबाने बघितलं तर सगळ्यात कमी कामाची. मोजायचंच असेल तर मोटर मोजा. पाणी वर चढवणारी, दळणारी, कपडे पिळणारी मोटर. दिव्यांची मोजणी कितीही केली तरी विजेने घर बदललं का याचं उत्तर त्यातून निघत नाही.

कुणी म्हणेल हा काय शब्दच्छल लावलाय, वीज ती वीज. तर नाही. दिवा लागला की दिवस लांबतो. मोटर लागली की काम कमी होतं. या दोन गोष्टी एकाच तारेतून येतात म्हणून आपण त्या एकच धरतो. अंधार पडला की काही कामं नाइलाजाने थांबायची, आता ती थांबत नाहीत. निवडणं टिपणं, शिवणं, उद्याची तयारी, सगळं रात्रीवर ढकलता येतं, आणि ढकलता येतं म्हणून ढकललं जातं. मुलगा बल्बखाली अभ्यास करतो ते सगळ्यांना दिसतं, फोटोही त्याचाच येतो, पण त्याच बल्बखाली त्याची आई अजून काम करत असते ते फोटोच्या चौकटीबाहेर राहतं.

याचा अर्थ दिवा नको असा कुणी काढू नये. ज्यांनी कंदिलाची काच पुसलीय, चिमणीच्या धुराने नाक काळं झालेलं बघितलंय, रॉकेल सांडून भाजलेलं माणूस बघितलंय त्यांना दिव्याची थोरवी मी काय सांगणार. बल्ब हवाच, पंखा हवा, मोबाईल चार्ज करायला दुसऱ्या गावाला जायला लागू नये हेही हवंच. जगात २०२३ साली ६६ कोटींवर लोकांकडे अजून वीजच नव्हती, त्यातले बहुतेक सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत, त्यांच्यासमोर बसून 'बल्बने काय होतंय' म्हणणं हा शुद्ध आगाऊपणा झाला. माझं भांडण बल्बपाशी थांबण्याशी आहे.

आणि थांबण्याची सवय जुनी आहे. आपल्याकडे १९९७ पर्यंत गावाच्या महसुली हद्दीत कुठल्याही कामासाठी वीज वापरली गेली की ते गाव विद्युतीकृत. म्हणजे गावाबाहेर एका शेतात एक पंप चालला तरी गाव उजळलं, घरं अंधारात का असेनात! मग व्याख्या जरा सुधारली, वस्तीत वीज यायला पाहिजे असं ठरलं. २००४ ला अजून सुधारली, दलित वस्तीत तारा आणि ट्रान्सफॉर्मर पाहिजे, शाळा पंचायत दवाखाना इथे वीज पाहिजे, आणि गावातल्या किमान १० टक्के घरांत पाहिजे. दहा टक्के! शंभर घरांपैकी नव्वद घरं कंदिलावर असली तरी कागदावर गावात उजेड. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लेईसांग ग्रिडला जोडलं गेलं आणि देशातल्या सगळ्या गावांत वीज पोचल्याचं जाहीर झालं ते याच व्याख्येने. घरांचा हिशोब वेगळा होता, त्यासाठी सप्टेंबर २०१७ मध्ये सौभाग्य योजना आधीच सुरू झाली होती आणि तिने दोन कोटींच्या वर घरं जोडली, हे काम मोठंच आहे, त्याला नाव ठेवायचं कारण नाही. पण त्या जोडणीत मिळायचं काय तर खांबापासून वायर, मीटर, आणि एक पॉइंटचं वायरिंग, एका एलईडी बल्बसकट. एक पॉइंट. आता हा एक पॉइंट घरात कुठे बसणार हे सांगायला सर्व्हे लागत नाही. तो बाहेरच्या खोलीत बसतो, जिथे पाहुणा बसतो. चुलीपाशी नाही.

मोजायची याहून बरी पद्धत नाही असंही नाही. जागतिक बँकेने २०१५ च्या सुमारास घरगुती विजेच्या पायऱ्या ठरवल्या, शून्य ते पाच. पहिल्या पायरीला फक्त ३ वॅट लागतात, दिवसातून ४ तास, म्हणजे एक दिवा आणि फोन चार्जिंग. दुसरीला ५० वॅट, तिसरीला २००, चौथीला ८००, पाचवीला २००० वॅट. आता आपण घरातली कामं या पायऱ्यांवर ठेवून बघू. दिवा पहिल्या पायरीवर बसतो. पंखा, टीव्ही दुसरीवर. अर्ध्या हॉर्सपॉवरचा पाण्याचा पंप तिसरी ओलांडून जातो, मिक्सर तसाच, इस्त्री चौथीच्या आसपास, आणि वीजेवरची शेगडी पार वर, दीड दोन हजार वॅट. म्हणजे जी कामं अंग मोडून काढतात ती सगळी तिसऱ्या पायरीच्या वर, आणि योजनेचा फोटो पहिल्या पायरीवर काढून होतो. सोलरचंही तेच. बांगलादेशात २००३ पासून पुढच्या पंधरा वर्षांत चाळीस लाखांवर घरांवर छोटी सोलर पॅनेलं बसली, जगात कौतुक झालं आणि रास्त झालं, पण त्यातल्या बहुतेकांवर चालायचं काय तर दोन चार दिवे, फोन, फार तर छोटा टीव्ही. त्या पॅनेलवर पाणी वर चढत नाही.

इथे मला अमेरिकेचं उदाहरण द्यायला आवडतं, कारण तिथली खेडी पण एकेकाळी अंधारातच होती हे आपण विसरतो. १९३० च्या दशकात शहरात दहातल्या नऊ घरांत वीज आणि शेतावर दहातल्या जेमतेम एका घरात. खाजगी कंपन्या म्हणायच्या शेतकरी लांब लांब राहतात, वापरणार किती, परवडत नाही. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने १९३५ मध्ये ग्रामीण विद्युतीकरणाचं खातं काढलं, १९३६ मध्ये कायदा झाला, आणि शेतकऱ्यांनी आपापल्या सहकारी संस्था काढून सरकारी कर्जावर स्वतःच तारा ओढल्या. सहकाराचं आपल्याला नवल नाही, ती गोष्ट बाजूला ठेवू. मला त्या कायद्यातलं एक कलम फार आवडतं. कर्ज नुसतं खांब आणि तारांसाठी नव्हतं, घराचं वायरिंग करायला, आणि विजेची आणि नळकामाची उपकरणं घ्यायलाही होतं. नळकामाची! वीज पोचवण्याच्या कायद्यात नळ आणि पाइप. ज्याने कुणी ते शब्द घातले त्याला घरात पाणी कसं येतं आणि कुणाच्या हातांनी येतं हे पक्कं माहीत असणार. आणि मग त्या खात्याने माणसं गावोगाव पाठवली, लुइसन मेमर नावाची गृहविज्ञान शिकलेली बाई तंबू ठोकून विजेची शेगडी, धुलाई यंत्रं वगैरे चालवून दाखवायची, लोक त्याला सर्कस म्हणायचे. यात सरकारचा स्वार्थही होता, वीज खपली तरच कर्ज फिटणार होतं. असेना का, त्या स्वार्थाने निदान हे ओळखलं की घरोघर नुसते दिवे लावून तारांचा खर्च निघत नाही.

आता दोन अभ्यास शेजारी शेजारी ठेवतो. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाची राजवट संपण्याच्या सुमारास ग्रामीण भागात धडाक्याने वीज नेली गेली. क्वाझुलू-नाताल प्रांतात टॅरिन डिंकलमन या अर्थतज्ज्ञ बाईंनी त्याचा परिणाम तपासला, २०११ ला तो प्रसिद्ध झाला. पद्धत पण झकास, तारा सपाट जमिनीवर टाकायला स्वस्त पडतात म्हणून जमिनीचा उतार बघून कुठे वीज लवकर गेली असणार हे धरलं. निष्कर्ष असा की वीज गेलेल्या भागात पाच वर्षांत बायकांचा रोजगार ९ ते साडेनऊ टक्के अंकांनी वाढला. पुरुषांच्यात तसा ठळक फरक नाही. कारण असं दिसलं की घरातली कामं, विशेषतः लाकूडफाट्यावरचा स्वयंपाक, थोडा विजेकडे सरकला आणि बायकांचा वेळ सुटला.

आणि आता केनिया. पश्चिम केनियातल्या १५० वस्त्यांवर ली, मिगेल आणि वुल्फ्रम या तिघांनी प्रयोग केला, काही वस्त्यांतल्या घरांना सवलतीत किंवा फुकट कनेक्शन दिलं, काहींना नाही, आणि मग फरक बघितला. फरक जवळजवळ नाहीच. कमाई नाही, आरोग्य नाही, मुलांचे मार्क नाहीत. लगेच काही विद्वान म्हणायला लागले की बघा, खेड्यात वीज नेणं म्हणजे पैसे पाण्यात. मला हा निष्कर्ष पटत नाही आणि त्याच अभ्यासात त्याचं उत्तर आहे, त्या घरांनी कनेक्शननंतर वीज वापरलीच अगदी किरकोळ, मोठी उपकरणं घ्यायची ऐपतच नव्हती. तार आली आणि दिव्यापाशी संपली. म्हणजे त्या प्रयोगात तपासला गेला तो बल्ब, आणि बल्बने घर बदलत नाही एवढं सिद्ध झालं, जे आपण वरती म्हणतच होतो. भारतात राजीव गांधी ग्रामीण विद्युतीकरण योजनेवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासातही सरासरी परिणाम फार छोटाच निघाला. तीही योजना तार आणि जोडणीचीच.

आता माझ्याच विरुद्ध जाणारा मुद्दा, तो लपवून चालणार नाही. यंत्रं आली की घरकाम कमी होतं हे तरी खरं का? जोअॅन वॅनेक या अमेरिकन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७४ मध्ये जुन्या नोंदी काढून दाखवलं की बाहेर नोकरी न करणारी गृहिणी १९२४ साली आठवड्याला ५२ तास घरकाम करायची आणि १९६० च्या दशकात, म्हणजे वॉशिंग मशीन, फ्रिज, व्हॅक्यूम क्लीनर सगळं आल्यावर, ५५ तास. तीन तास वाढले! कारण काय तर कपडे धुणं सोपं झालं म्हणून कपडे रोज धुतले जायला लागले, घर जास्त चकाचक पाहिजे झालं, आणि पूर्वी मुलं, नवरा, कामाला येणारी माणसं जो हात लावायची ते सगळे हळूच बाजूला झाले, यंत्र आहे ना आता, तुला काय लागतंय. हा शेवटचा डाव प्रत्येक घरात ओळखीचा आहे.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो खरं तर. पण तास आणि कष्ट एकच नाहीत. डोक्यावर पाणी वाहण्याचा एक तास आणि मशीनमध्ये कपडे टाकून उभं राहण्याचा एक तास घड्याळात सारखा, मणक्यात सारखा नाही. दळताना म्हणायची गाणी जगभर आहेत आणि संग्रहात छापली की फार गोड वाटतात, पण हाताने दळण संपल्यावर जातं परत आणा म्हणून कुठल्या बाईने मोर्चा काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. वॅनेकबाईंच्या आकड्यातून मी एवढंच घेतो की मोटर काम हलकं करते, काम कुणाचं हे बदलत नाही. ते विजेने होणार नाही, त्याला घरात भांडावं लागतं. आपल्या देशाच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २८९ मिनिटं देतात आणि करणारे पुरुष ८८ मिनिटं, आणि २०१९ ला हेच आकडे २९९ आणि ९७ होते. दहा मिनिटं बायकांची कमी झाली, नऊ पुरुषांनीही आपली कमी करून घेतली. एकूण पुरुषजातीची चपळाई वाखाणण्यासारखी.

मग घरात वीज आल्यावर पहिली वस्तू कुठली येते, आणि ती कोण ठरवतं? पैसा ज्याच्या हातात तो ठरवतो. झांझिबारमधल्या उरोआ गावात तान्या विंथर या नॉर्वेच्या मानववंशशास्त्रज्ञ बाई राहून आल्या, तिथे उपकरणं बहुतांशी पुरुषांच्या मालकीची असं त्यांना दिसलं. टीव्ही आधी येतो, पंप नंतर, बऱ्याचदा येतच नाही. यावर टीव्हीला शिव्या घालायची आपल्याकडे पद्धत आहे पण मी घालणार नाही, कारण जेन्सन आणि ऑस्टर या दोघांनी २००९ मध्ये भारतातल्याच खेड्यांवर अभ्यास प्रसिद्ध केला त्यात केबल टीव्ही आलेल्या गावांत बायका मारहाण सहन करायला कमी तयार दिसल्या, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, घरात त्यांचा शब्द थोडा चालायला लागला. ज्या टीव्हीला आपण बिघडवणारा म्हणतो त्याने हे केलं, आता बोला. तेव्हा टीव्ही राहू दे. पंपाला मात्र कुणी वाली नाही कारण खरेदी ज्याच्या हातात त्याला पाणी आणावं लागत नाही.

पाण्याचंच बघा. युनिसेफने २०१६ मध्ये हिशोब मांडला होता, जगभरातल्या बायका आणि मुली मिळून रोज २० कोटी तास पाणी आणण्यात घालवतात. घरात पाणी नसलेल्या दर दहा घरांपैकी सातांत हे काम बाईमाणसाकडे. आता गावात वीज आहे, विहीर आहे, टाकी बांधायला पैसा आहे असं धरा, आणि तरी विजेची योजना एका खात्याची, पाण्याची दुसऱ्या खात्याची, विजेवाल्याचं टार्गेट कनेक्शन, पाणीवाल्याचं टार्गेट नळ, आणि पंपाचं बिल थकलं म्हणून पाणीयोजनेचीच वीज तोडलेली, ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की तिची बातमी पण होत नाही.

उलटं करून दाखवलेलं उदाहरण मालीचं आहे. पश्चिम आफ्रिकेतला गरीब देश, १९९० च्या दशकात संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने तिथे गावांत एक साधं डिझेल इंजिन बसवायला सुरुवात झाली, त्याला पट्ट्याने गिरणी जोडा, कांडप जोडा, बॅटरी चार्ज करा, पाणी उपसा, नंतर जमलं तर जनरेटर लावून दिवेही. म्हणजे तिथे मोटर आधी आली आणि दिवा मागून. आणि अट अशी की गावातल्या बायकांच्या गटाने मागितलं तरच मिळणार, चालवणार आणि हिशोब ठेवणारही त्याच. डिझेल धुराचं, महाग, इंजिनं बंदही पडायची, मला त्याचं कौतुक नाही. क्रम बघा फक्त. मागायला कुणाला लावलं आणि त्यांनी आधी काय मागितलं.

आपल्याकडेही याच्या जवळ जाणारं एक काम झालंय, बायकांसाठी म्हणून केलेलं नसलं तरी. गुजरातमध्ये २००३ ला ज्योतीग्राम योजना सुरू झाली, शेतीपंपांचा फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून वीज आणणारी मुख्य तार, आणि गावठाणाचा फीडर वेगळा केला. त्याआधी कित्येक राज्यांत थ्री फेज फक्त काही तास, शेतीसाठी, बाकी वेळ गावाला सिंगल फेज, त्यावर दिवे लागतात पण थ्री फेजची गिरणी बंद. दळण घेऊन आलेल्या बाईने थ्री फेज यायची वाट बघत बसायचं किंवा परत जायचं. फीडर वेगळे झाल्यावर गावाला चोवीस तास थ्री फेज मिळाली, पंपांना आठ तास. सगळी चर्चा भूजल आणि सबसिडीची झाली, गिरणी दिवसभर चालू राहते म्हणजे घरात काय होतं यावर कुणी ओळभर लिहिलं तर लिहिलं.

राहिला स्वयंपाक. जगात २०० कोटींवर लोक अजून लाकूड, कोळसा, गोवऱ्या असल्या जळणावर शिजवतात, आणि घरातल्या धुराने २०२० मध्ये ३२ लाख माणसं गेली असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. यातल्या अनेक घरांत बल्ब आहे. म्हणजे विद्युतीकरणाच्या यादीत ते घर 'झालं', आणि त्याच घरात बाई फुंकणी घेऊन बसलीय, वर एलईडी लखलखतोय, धूर आता जरा जास्त स्पष्ट दिसतो एवढंच. गॅस आहे, सिलिंडर आहे, मान्य, पण तो भरायचा प्रश्न वेगळाच, आणि आपण विजेबद्दल बोलतोय.

खर्चाचा आक्षेप येणार. मोठा लोड द्यायचा तर ट्रान्सफॉर्मर मोठा, वायर जाड, गावातली डीपी संध्याकाळी सात वाजता शंभर शेगड्या एकदम लागल्यावर बसणारच. खरं आहे. बिलाचंही खरं आहे, गरीब घर दोन हजार वॅटची शेगडी रोज पेटवणार नाही, दक्षिण आफ्रिकेने गरीब घरांना महिन्याला ५० युनिट फुकट द्यायला २००३ मध्ये सुरुवात केली तेही स्वयंपाकाला पुरत नाहीत. म्हणून मी प्रत्येक घरात शेगडी वाटा म्हणत नाही. मोटर घरात नसली तरी चालेल, गावात पाहिजे, पाण्याच्या टाकीवर आणि गिरणीत, आणि तिची वीज बाकी सगळ्यांच्या आधी चालू आणि सगळ्यांच्या नंतर बंद. आणि नवीन कनेक्शनच्या फॉर्मवर दोन गोष्टी वाढवायला तर कुठल्या मोठ्या बजेटचीही गरज नाही. पहिली, दुसरा पॉइंट स्वयंपाकाच्या जागेत, साधा बल्बचा नाही, १६ अँपिअरचा, आज त्यात काही लावायला नसलं तरी. दुसरी म्हणजे वर्षभराने मीटर बघायला येणाऱ्या माणसाने घरातल्या बाईला विचारायचा एक प्रश्न, पाणी अजून डोक्यावरूनच आणता का, आणि उत्तर काय आलं ते रीडिंगच्या शेजारच्या रकान्यात लिहायचं.